सातवीचं वस्त्र

"ऋतू, मी सांगेपर्यंत वळायचं नाही हां. त्या चाफ्याकडे बघत बस. कोणी आलं तर ओवी म्हण, मोठ्याने."

सीमाआत्याचा हा आवाज ऋतिकाच्या कानात बावीस वर्षं राहिला होता. माणूस गेलं की आधी त्याचा आवाज विसरतो म्हणतात. हिच्या बाबतीत उलटं झालं. आत्याचा चेहरा धुक्यात गेला, आणि आवाज मात्र कालच्यासारखा ओला राहिला, केसांतून पाणी निथळत असल्यासारखा. आणि ती ओवीही. आत्यानेच शिकवलेली:

साती बहिणी न्हायाला, काठी ठेविली चोळी
नको नेऊ वाऱ्या दादा, बहीण तुझी रे भोळी

गास गावातल्या त्यांच्या वाडीत एक बावखल होतं. पूर्वजांनी बागेला पाणी घालायला खणलेलं तळं. एका बाजूला केळी, दुसऱ्या बाजूला पानवेलीचा मांडव, आणि पलीकडच्या अंगाला नुसता पाय ओढून घेणारा चिखल आणि हिरवी जलपर्णी. काठावर शेंदूर फासलेले सात दगड. साती आसरा, पाण्यातल्या देवी. दर चैत्रात त्यांची ओटी भरायची. प्रत्येकीला नारळ, हिरव्या बांगड्या आणि खण. आसरा पाण्यात उघड्याच असतात, आजी सांगायची, वर्षातून एकदा त्यांना वस्त्र लागतं. ते दिलं नाही तर ज्या घराने दिलं नाही त्याच घरातलं माणूस अंगावर ओढून घेतात.

सीमाआत्या त्याच बावखलात बुडून गेली. चोवीस वर्षांची होती, लग्न महिन्यावर आलं होतं.

आता ऋतिका एकतीस वर्षांची, मनवेलपाड्याला एका बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर एकटी राहते आणि चित्रं काढून पोट भरते. सध्या ती एका खेळाच्या पुस्तकाची चित्रं काढत होती. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि पुढे काय घडणार ते फाशांनी ठरवायचं, असा तो खेळ. त्याच्यासाठी जाडजूड पुस्तक लागतं. त्यात मुलूख, राक्षस, शस्त्रं, मंत्र, सगळं चित्रांसकट. या पुस्तकाचं नाव 'सात डोहांचा मुलूख'. लिहिणारी पापडीची जोआना, छापून घेणारा अनिश, आणि रंगवणारी ऋतिका.

अनिशकडे असल्या परदेशी पुस्तकांचं एक अख्खं कपाट होतं. जोआना त्यातलं एकेक काढून नाक मुरडायची.

"हे बघ. वीर पायापासून टाळूपर्यंत लोखंडात, आणि शेजारची परी उघडी. थंडी काय फक्त पुरुषांना वाजते?"

"म्हणून तर आपण वेगळं करतोय," अनिश म्हणायचा. "आपल्या डोहिणी उघड्या असतील, पण त्या कोणाला दाखवायला उघड्या नाहीत. पाणी जसं उघडं असतं तशा."

"बोलायला बरं वाटतं रे. छापल्यावर बघणारा काय बघतो ते त्याच्या डोळ्यावर."

आसरांचं नाव पुस्तकात नव्हतं. देवाचं नाव घेऊन फासे टाकायला नकोत, म्हणून जोआनाने 'डोहिणी' हे नाव शोधलं होतं. पण ऋतिकाला ठाऊक होतं त्या कोण ते.

पुस्तकाच्या आवृत्त्या दोन निघणार होत्या: लाल पुठ्ठ्याची सगळ्यांसाठी, काळ्या पुठ्ठ्याची फक्त प्रौढांसाठी, सीलबंद पाकिटात. लाल पुस्तकात डोहिणी वस्त्रात, काळ्यात विवस्त्र. चित्र मात्र एकच. ऋतिका टॅबलेटवर थरांनी रंगवायची: खाली पाणी, त्यावर देह, त्यावर केस, आणि सगळ्यात वर कपड्यांचा वेगळा थर. त्या थरापुढे डोळ्याची छोटी खूण असते. खुणेवर बोट ठेवलं की कपडे दिसेनासे होतात, परत ठेवलं की येतात. सहा डोहिणी तिने अशा दोन महिन्यांत हातावेगळ्या केल्या. देह रंगवताना तिचा हात कधी अडखळला नाही. म्हातारी डोहीण होती, तिच्या पोटावर बाळंतपणाच्या रेघा होत्या. एक काळीभोर, धिप्पाड, मासळीवालीसारखी कमरेवर हात ठेवून उभी. त्यांच्याकडे बघून कोणाला लाज वाटली असती तर ती बघणाऱ्याची.

सातवी मात्र वळेना. पहिल्या रेखाटनापासून ती पाठमोरीच आली. चेहरा काढायला घेतला की हात थंड पडे, आणि कानात तोच आवाज: वळायचं नाही हां. शेवटी ऋतिकाने तिला पाठमोरीच ठेवली, कमरेएवढ्या पाण्यात, ओले केस एका खांद्यावर. आणि कपड्यांच्या थरावर, का कोण जाणे, पदर नाही, कंचुकी नाही, तिने एक पिवळा पंजाबी ड्रेस रंगवला. बाहीच्या कडेला बारीक निळी फुलं.

मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. ती थर चालू ठेवून झोपायची, आणि सकाळी फाइल उघडली की थर बंद. सातवी पाण्यात उघडी, पाठमोरी, कोणीतरी कपडे आणून देईल म्हणून थांबल्यासारखी. पहिल्यांदा ऋतिकाने टॅबलेटला दोष दिला. दुसऱ्यांदा अनिशला फोन केला, फाइल त्याच्याकडेही उघडत असे म्हणून.

"मी हात पण नाही लावला," तो म्हणाला. "पण बरी आठवण केलीस. सोमवारी छपाईला देतोय. काळ्या आवृत्तीसाठी सातवीचा थर बंद करून पाठव, म्हणजे झालं."

"बघते."

"बघते काय? एका टिचकीचं काम आहे."

एका टिचकीचंच काम होतं. ती बोट त्या खुणेपर्यंत नेई आणि मागे घेई. आपोआप बंद होणारा थर ती रोज चालू करत होती; स्वतःहून बंद करणं मात्र तिच्याने होईना. तेवढं एकदा करून झालं होतं, असं तिचं बोट जणू तिला सांगत होतं.

छपाईच्या आदल्या दिवशी, रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर जोआनाच्या पापडीच्या घरी सगळे जमले. पुस्तक जाण्याआधी शेवटचा डाव खेळून बघायचा होता. फणसाच्या सावलीत ओट्यावर टेबल मांडलेलं, त्यावर फासे, वाळवलेल्या केळ्यांची म्हणजे सुकेळ्यांची बशी, आणि मधोमध पांढऱ्या पुठ्ठ्याचा एक पत्ता, त्यावर काळी फुली.

उमंग पहिल्यांदाच आला होता, अनिशच्या ऑफिसातला. "हे काय, बाद व्हायचं कार्ड?"

"नाही रे," जोआना म्हणाली. "खेळताना गोष्ट कुठेही जाते. कोणाला काही सोसवेना झालं तर या पत्त्यावर हात ठेवायचा. गोष्ट तिथेच थांबते, आपण दुसऱ्या वाटेने जातो. आणि का, ते कोणी विचारायचं नाही. हा नियम पहिल्याच पानावर आहे. काळ्या पुस्तकात तर दोनदा."

"माझी बायको भांडताना असं कार्ड मिळेल का?"

"तिला विचार. तिच्याकडे असेल, तुला दाखवत नसेल."

हसणं झालं, डाव सुरू झाला. जोआना गोष्ट सांगायला लागली की तिचा आवाज खाली उतरे, विहिरीत पोहरा उतरावा तसा. तिघे प्रवासी सहा डोह ओलांडून सातव्याशी आले. दुपारची वेळ. पान हलत नाही. डोहाच्या मध्यात एक बाई पाठमोरी, आणि काठावर तिचं वस्त्र.

"तिने तुम्हाला पाहिलेलं नाही," जोआना म्हणाली. "ती गुणगुणतेय. काय करता?"

उमंगने फासे हातात खुळखुळवले. "सोप्पं आहे. मी हळूच तिचे कपडे उचलतो आणि जातो झाडावर. किसनदेवासारखा. बसते मग विनवण्या करत."

"पुस्तकात तसाच नियम आहे," अनिश म्हणाला. "वस्त्र ज्याच्या हातात, डोहीण त्याच्या शब्दात. टाक फासे."

फासे पडायच्या आत ऋतिकाचा तळवा पत्त्यावर पडला होता. इतक्या जोरात, की सुकेळ्यांची बशी हलली.

उमंगचा चेहरा उतरला. "सॉरी. माझं काही चुकलं का..."

"विचारायचं नाही," जोआना त्याला म्हणाली, आणि त्याच शांत आवाजात पुढे सुरू झाली, "वारा सुटतो. डोहावर धुकं येतं. तुम्ही काठावरून पुढे निघून जाता."

प्रवासी पुढे गेले. ऋतिकाला मात्र हलता येईना. तळव्याखाली पुठ्ठ्याचा पत्ता ओला झाला होता. कोणी विचारायचं नाही. याच नियमाखाली ती बावीस वर्षं राहिली होती. नऊ वर्षांच्या पोरीला कोण काय विचारणार? सगळ्यांना वाटलं होतं ती शेजारी सेलिनमावशीच्या ओटीवर चटईवर झोपली होती. तिला उठवलं ते तिथूनच.

त्या दिवशी बळीरामाने, त्यांच्या वाडीवरच्या गड्याने, सीमाआत्याला पलीकडच्या चिखलातून काढलं होतं. अंगावर चिंधी नव्हती. त्याने मान वळवून आपली लुंगी सोडून तिच्यावर टाकली आणि आतल्या चड्डीवरच सगळ्या गावासमोर उभा राहिला. कपडे कुठेच सापडले नाहीत. काठावर नाही, पाण्यात नाही. मग गाव बोलायला लागलं. भर दुपारी, नागडी, लग्न ठरलेली पोर. एकटी कशी असेल? त्या न दिसलेल्या पुरुषाला गावाने नाव दिलं, उंची दिली, मोटरसायकलही दिली. आजीने ते सगळं एका वाक्यात बुडवलं. ती म्हणाली, आसरांनी नेली. आठवड्यापूर्वीच्या ओटीत रुक्मिणीने सहाच खण ठेवले होते, सातवी उघडी राहिली, तिने माझ्या पोरीला पांघरलं.

रुक्मिणी म्हणजे ऋतिकाची आई. सातवा खण तिने कापून ऋतिकाला पोलकं शिवलं होतं, पोरीने हट्ट धरला म्हणून. ते तिने कोणाला सांगितलं नाही. मोजायला चुकले, एवढंच म्हणाली. पुढे आजी मरेपर्यंत घरात त्या सहा खणांचाच न्याय चालला. भाताला कमी मीठ पडलं तरी आजी म्हणायची, "मोजता कुठे येतं हिला."

डाव संपल्यावर जोआना ऋतिकाला फाटकापर्यंत सोडायला आली.

"मी विचारणार नाही," ती म्हणाली. "नियम माझाच आहे. पण खरं सांगू? तो पत्ता गोष्ट थांबवायला ठेवलाय. आयुष्यभर हाताखाली दाबून धरायला नाही."

ऋतिकाने स्कूटी काढली. मनवेलपाड्याला वळायच्या ठिकाणी ती वळली नाही, सरळ गासला गेली.

चैत्रच होता. रुक्मिणी बावखलाच्या काठावर बसून सातही दगड धूत होती. वय बासष्ट, पाठ अजून ताठ, बोटांना शिवणकामाने पडलेले घट्टे. जवळ सुपात नारळ, बांगड्या, आणि खणांची चळत.

"आलीस? मला वाटलं विसरलीस यंदा. बस. आधी मोज बाई हे. मला माझा भरवसा नाही."

दर वर्षी हेच. दर वर्षी आई तिच्याकडून खण मोजून घेई, आणि दर वर्षी ते आठ असत. सात सातींचे, आठवा सीमाचा.

ऋतिकाने मोजले. "आठ."

"परत मोज."

"आठच आहेत, आई."

"हं." रुक्मिणीने शेंदराची वाटी पुढे ओढली. "काय गो, चेहरा असा काय? जेवलीस का? त्या फाशांच्या खेळात खायला घालतात की नुसते राक्षस?"

"सुकेळी होती."

"जोआनाच्या घरची? मग बरी असतील. आणि ती चित्रं? त्या बायांची? दाखव तरी एकदा. मी काय लाजतेय? बायांचीच अंगं ना, माझ्याकडे पण आहे एक, जुनं झालंय तेवढंच."

ऋतिकाने पिशवीतून टॅबलेट काढला. आईने शेंदराचा हात पदराला पुसून तो मांडीवर घेतला. एकेक डोहीण बघत गेली. म्हातारीजवळ थांबली, हसली. "ही माझ्या सासूसारखी. अशीच बघायची." धिप्पाड डोहिणीला म्हणाली, "हिला भाव कमी कर म्हणायची हिंमत नाही होणार कोणाची." मग सातवी आली.

ऋतिका बघत होती. थर चालू होता. सकाळी चालू करून निघाली होती, तसाच होता. पाण्यात पाठमोरी बाई, खांद्यावर ओले केस, अंगात पिवळा ड्रेस, बाहीच्या कडेला निळी फुलं.

केळीच्या बागेत कुठेतरी एक पान फाटल्याचा आवाज झाला. रुक्मिणीने चेहरा अगदी जवळ नेला, एक बोट त्या बाहीवर ठेवलं, कापडाचा पोत तपासावा तसं.

"हा कुठून काढलास?"

"असाच. सुचला."

"सुचला." रुक्मिणीने मान हलवली. "बाहीला फुलं सात आहेत. सातव्याचा दोरा संपला म्हणून मी ते अर्धंच ठेवलं. तू पण अर्धंच काढलंयस."

ऋतिकाने वाकून ते अर्धं फूल पाहिलं.

"हा मी शिवला होता," आई म्हणाली. सावकाश, एकेक टाका उसवावा तशी. "लग्नाच्या खरेदीतलं कापड. त्या दुपारी काज-बटणं पुरी केली आणि इस्त्री गरम असतानाच तिच्या हातात दिला. ती म्हणाली, वयनी, न्हाऊन येते आणि मग याची घडी मोडते. फुलांच्या परडीत ठेवून घेऊन गेली. तुझ्या आजीला दाखवला नव्हता. कोणालाच नाही. मागाहून कपडे सापडेनात, तेव्हा मी या ड्रेसचा शब्द तोंडातून काढला नाही. काढला असता तर म्हणाले असते, बघा, नवं लेवून कोणाला भेटायला निघाली होती. पोलिसांनाही सांगितलं नाही. म्हटलं, माझ्या माथी सहा खण बसू देत, पण तिच्या नावाला ते नको."

तिने टॅबलेट खाली ठेवला. पहिल्यांदा पोरीकडे नीट पाहिलं.

"हा ड्रेस जगात दोघींनी पाहिला होता, ऋतू. मी आणि तिने. तू तर सेलिनकडे झोपली होतीस. तू कुठे पाहिलास?"

इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. ऋतिकाला वाटलं, आत्ता हात ठेवायला इथे काही असतं तर. पण समोर फक्त सात ओले दगड होते, शेंदराची वाटी, आणि आईची बोटं.

"मी सेलिनमावशीकडे नव्हते."

"मग?"

"इथे होते. या चाफ्याखाली. आत्या न्हायला उतरली की मी राखण बसायचे, कोणी आलं तर ओवी म्हणायची, असं आमचं ठरलेलं होतं. सप्ताहाच्या कीर्तनात बुवांनी आदल्या रात्री गोपींची गोष्ट सांगितली होती ना, कृष्ण कपडे नेतो ती. सगळा मांडव हसत होता. तू पण हसत होतीस. मला वाटलं, आत्या पण हसेल."

रुक्मिणीचा हात तोंडाशी गेला.

"मी परडी उचलली. तिने काढून ठेवलेला जुना गाऊनही. आणि पेंढ्याच्या उडवीत जाऊन बसले. तिथून सगळं दिसायचं. ती हसलीच आधी. म्हणाली, आण गो माकडे. मग वाडीतली फुलं बाजारात न्यायला टेम्पोवाले आले, तिघे होते, काठावर डबे उघडून बसले. मी ओवी म्हणायला हवी होती. पण म्हटली असती तर मी कुठे आहे ते आत्याला कळलं असतं, आणि खेळ संपला असता. ती पाण्यात गळ्यापर्यंत बसली, मग सरकत सरकत पलीकडे गेली, जलपर्णीच्या मागे, चिखलाकडे. मला वाटलं लपतेय. पेंढा ऊन होता. मला झोप लागली."

"ऋतू..."

"उठले तेव्हा बळीरामदादा पाण्यात होते. मी मागून पळाले, सेलिनमावशीच्या ओटीवर जाऊन चटईवर डोळे मिटून पडले. कपडे उडवीतच राहिले. पुढच्या आठवड्यात पेंढा विकला, नायगावच्या तबेल्याला गेला टेम्पो भरून. त्यातच गेले. तू ओट्यावर बसून आजीचं ऐकत होतीस, सहा खण, सहा खण, आणि मी टेम्पो जाताना बघत होते."

बावखलावर काहीच हललं नाही. टॅबलेटचा उजेड मंद होत होत विझला.

"खणांचं काही नव्हतं, आई. कोणी पुरुषही नव्हता. ती वाट बघत होती फक्त, कपड्यांची." ऋतिकाचा आवाज नऊ वर्षांचा झाला होता. "टेम्पोवाले बसले होते म्हणून ती मोठ्याने ओरडू शकत नव्हती. हळूच हाक मारली तिने. ऋतू, दे गो. तीनदा. मला ऐकू येत होतं. आणि मी ओ दिली नाही."